लव्हिनियाचं थडगं

ओकच्या झाडाखाली संगमरवराचं नवंकोरं थडगं पाहून व्हर्डीन गॅडसनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यावर नाव होतं लव्हिनियाचं. लव्हिनिया म्हणजे गेल्या वर्षी गाजलेल्या कादंबरीतली गुलाम नायिका. तिच्यापायी आता अमेरिकेच्या कॅरोलिनातल्या या जुन्या मळ्यावर बसगाड्या भरभरून वाचक येत होते, फुलं वाहत होते.

"इथं मळ्यावरच्या गुलामांत माझी पणजी पुरलीय," व्हर्डीन म्हणाली. "तिच्या उशाशी निळा कप होता. फुटका."

वाचक मंडळाची मेरेडिथ अभिमानाने हसली. "अहो, असल्या फुटक्या कपबश्यांचा नुसता उकिरडा होता इथं! आम्ही बायकांनीच सगळा उचलून फेकला. लव्हिनियाभोवती तो बरा दिसला असता का?"

"बाई, दगड घ्यायची ऐपत नव्हती आमची. माणूस शेवटचं ज्या कपातून प्यायलं, तो फोडून त्याच्या उशाशी ठेवायचो आम्ही. कोण कुठं निजलंय, ते त्या कपावरून कळायचं." व्हर्डीनचा आवाज चढला. "जी बया कधी जन्मलीच नाही, तिला संगमरवर! आणि माझी खरीखुरी पणजी? ती यात नेमकी कुठं आहे, ते दाखव मला आता!"

मेरेडिथचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने फोन काढून व्हर्डीनच्या तोंडासमोर धरला.

"हेच परत एकदा म्हणता? अगदी अस्संच, चिडून. लेखिकेला दुसऱ्या भागाची सुरुवात सापडत नाहीये."