बदामराणी

महाडच्या ब्रिज क्लबात फणसे वकील आणि डॉक्टर कर्णिक जुने भिडू. पण एक डाव बुडाल्यावर वकील चारचौघांत डॉक्टरांना वाट्टेल ते बोलले. वर्षभर दोघांत अबोला राहिला. अशातच वकिलांची लेक पोलादपुरात सासरी बाळंतपणात अडल्याचा निरोप आला. बायकोला मोटारीने धाडून वकील मान खाली घालून डॉक्टरांच्या दारी गेले, तर ते पहाटेच बाहेर पडलेले. घरात बसवेना म्हणून वकील क्लबात आले. पण हातातली पानं त्यांना दिसतच नव्हती. दिवेलागणीला तांबड्या धुळीने माखलेले डॉक्टर आत शिरले. त्यांनी वकिलांच्या हातातली बदामराणी उपसून टेबलावर ठेवली. "राणी आली, आजोबा! जावयांनी मला पहाटेच नेलं. मायलेकी सुखरूप!" वकिलांनी त्यांना मिठी मारली. "कर्णिक, मी नको ते बोललो." "सोडा हो! आता नावं ठेवायचीच तर नातीला ठेवा!"