एक थेंब भुईला

"आज तरी जाऊ नका. लेकरू तापलंय."

तीस वर्षं झाली, बायकोचा, साखराबाईचा आवाज केरबाच्या कानातून गेला नव्हता. जात्यावर बसल्यासारखा हळू, ओढलेला आवाज. आज मोहाचा वास नाकात शिरला आणि तो आवाज थेट खांद्यामागून आला. केरबानं दचकून वळून पाहिलं. मागं तांब्याचं भलंमोठं भांडं होतं. भांड्याच्या पोटात काहीतरी खदखदत होतं आणि पायाखालची फरशी बारीक थरथरत होती.

"पंप चालू आहे, अण्णा. भूकंप न्हाई," वर्षाराणी हसून म्हणाली. तिनं बापाचा दंड धरला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

लोह्याच्या रस्त्यावरची ही भट्टी शेषेरावांची. लातूरच्या एका कोचिंग क्लासात वर्षाराणी जीवशास्त्र शिकवायची आणि शेषेराव रसायनशास्त्र. वर्षापूर्वी त्यांनी खडू खाली ठेवला, सरकारी परवाना काढला आणि किनवटकडून मोहाची फुलं आणून दारू गाळायला लागले. नांदेडला केरबाचे डोळे दाखवायला आलेल्या बापलेकीला त्यांनी आग्रहानं बोलावून घेतलं होतं. क्लासातली आणखी चार माणसं आली होती.

"वीस वर्षं फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढली," शेषेराव सांगत होते. "पोरं डॉक्टर झाली, मी राहिलो भट्टीवाला!"

"मग वहिनी काय म्हणतात?" क्लासातल्या एकानं विचारलं.

"म्हणती, आजवर लोकांची पोरं घडवली, आता लोकांचे नवरे बिघडवून राहिलाव."

सगळे खो खो हसले. केरबा हसला नाही. फुलं भिजत घातलेल्या पिंपांपाशी त्यानं श्वास रोखून धरला. वाफ थंड होऊन नळीतून धार पडत होती, तिकडं तो बघेचना.

लेकीला त्यानं एवढंच सांगितलं होतं: भूकंपाच्या रात्री मी शेतात जागलीला होतो, म्हणून वाचलो. घर पडलं, आई गेली, तीन वर्षांची तू बाजेखाली सापडलीस. घास भरवताना सांगितलं, वेणी घालताना सांगितलं. सांगून सांगून ते खऱ्यासारखं झालं होतं. पण त्या रात्री गणपती बुडवून गाव झोपलं तेव्हा केरबा ओढ्याकाठच्या हातभट्टीवर पिऊन पडला होता. त्यानंतर त्यानं थेंबाला हात लावला नाही. आज मात्र तो वास अंगात उतरत होता आणि आपल्याआधी आपलं अंगच बोलून टाकील, अशी धास्ती त्याला वाटत होती. एवढी एक लेक. तिला कळलं आणि ती तुटली, तर अण्णा म्हणून हाक मारणारं या भुईवर कुणी उरणार नव्हतं.

शेवटी सगळे चव घ्यायच्या खोलीत आले. टेबलावर बोटभर उंचीचे काचेचे पेले मांडले होते.

"अण्णा घेत न्हाईत, सर," वर्षाराणी म्हणाली.

"वास तर घेऊ द्या! फूलच हाय शेवटी." शेषेरावांनी पेला केरबाच्या हातात दिलासुद्धा.

नको म्हणायला केरबानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याचं बोट पेल्यात बुडालं आणि एक थेंब भुईवर उडाला. पहिला थेंब धरणीला. मुरलेला पिणारा ओठाला लावण्याआधी करतो तसं, न बघता, सफाईनं.

"आरं वा!" शेषेराव ओरडले. "अण्णा तर जुने जाणकार निघाले!"

खोली हसली. वर्षाराणीनं पेला काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि त्याला बाहेर आणलं. उन्हात गाडीच्या सावलीला दोघं उभी राहिली.

"वर्षे, ते मी… हात आपोआप…"

"मला माहीत आहे, अण्णा."

केरबानं तिच्याकडं पाहिलं.

"दहावीत होते, तेव्हाच मावशीनं सांगितलं. तुम्ही शेतात नव्हता, भट्टीवर होता." तिनं ओढणीनं त्याचं कपाळ पुसलं. "वर्षभर लई राग होता. तुमच्या हातचं जेवायची न्हाई मी, आठवतंय? मग वाटलं, घरी असता तर तुम्हीबी गेला असता. मला कुणी वाढवलं असतं? आई तर झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नसेल. किती वर्षं जीव जाळून घेताव? सोडा आता."

तीस वर्षांची धास्ती अशी एका श्वासात उतरली. केरबानं आता फक्त गप्प राहायचं होतं. गाडीत बसायचं, काच खाली करायची, अहमदपूरला चहा घ्यायचा. लेक होती तशीच राहणार होती, त्याच्या कपाळावर हात ठेवून.

"झोपेत न्हाई गेली ती," केरबा म्हणाला.

वर्षाराणीचा हात थांबला.

"दारापाशी सापडली. आतल्या अंगाला. दोन्ही हात फळीवर." त्यानं तिचा हात कपाळावरून खाली घेतला. "आदल्या दिशी मला न्यायला भट्टीवर आली होती. चारचौघं हसले मला. म्हणून त्या रात्री… पुन्हा मागं येऊ नये म्हणून… मी बाहेरून कडी लावून गेलतो, माय."