पितळेची कडी

"पडून असं तुटत नाही, साहेब," लेथवाला रमणभाई म्हणाला. "कोणीतरी ठोकलंय."

हिंमतरावांनी तुटकी कडी त्याच्या हातातून काढून घेतली. दुर्बिणीची नळी बैठकीला जखडून ठेवणारी ही कडी. ती नसली की नळी मान टाकते. बायको गच्ची झाडत होती, धक्का लागला, बैठक आडवी झाली, असं त्यांनी सांगितलं. घरात आम्ही दोघंच, ठोकणार कोण?

रमणभाईने खांदे उडवले. शहराबाहेर छाणीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि लेथवर कारखान्याची ऑर्डर चढलेली. जुनी कडी टाका धरणार नाही, पितळेची नवी कातावी लागेल, सोमवारे आवजो, म्हणाला.

"शनिवारी हवी. नंतर दिसणार नाही."

"धूमकेतू छे?"

हिंमतरावांनी नुसती मान डोलावली.

मग रमणभाईने आपल्याकडून सुचवलं, की बारीक दातांचं चाकही बसवून देतो, तारा सरकेल तशी नळी सरकेल. नको म्हणाले. एका जागी घट्ट राहिली की पुरे.

घडियाळी पोळीतल्या, त्या जुन्या गल्लीतल्या घरी अहल्याबाईंनी दारातच विचारलं, "कधी मिळणार?"

"सोमवारी."

"मिळेल मग सोमवारी. आकाश कुठे पळून चाललंय?" असं म्हणून त्या पिशवी घेऊन खंडेराव मार्केटला निघाल्या. बैठक मोडल्यापासून रोज संध्याकाळी जात होत्या आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परतत होत्या. भाजीत काही दम नाही, म्हणायच्या.

हिंमतराव गच्चीवर गेले. नळी हातात धरून पाहिली, स्थिर राहीना. विटा रचल्या, दोरीने आवळली. काही धड दिसेना. ते तिथेच खाली बसले.

गायकवाड सरकारात आजोबा मोठ्या हुद्द्यावर होते. राज्य गेलं, हुद्दा गेला, ताठा तेवढा घरात राहिला. त्या ताठ्यापायी चार वर्षांपूर्वी या माणसाने जिवंत मुलीच्या नावाने आंघोळ केली. निरुपमाने जातीबाहेर लग्न केलं, एवढंच. डोक्यावर तांब्या ओतला आणि मुलगी मेली. अहल्याबाईंनाही तिचं नाव काढायची बंदी झाली. पोळीतल्या चार म्हाताऱ्यांनी शाबासकी दिली. असल्या शाबासकीवर कोणी किती दिवस जगतं? त्याच महिन्यात हिंमतरावांनी दुर्बीण घेतली. लोक म्हणाले, बरं झालं, मन रमेल.

शुक्रवारी ते पुन्हा छाणीला गेले. कधी कुणापुढे न जोडलेले हात त्यांनी तेलकट लेथपुढे जोडले.

"रमणभाई, एवढं करा."

रमणभाईने ऑर्डर थांबवली नाही, पण शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कडी कातून दिली. जाव, तमारो धूमकेतू निघून जाईल, म्हणाला आणि डबा उघडून बसला.

हात जोडल्याचं घरी सांगावं लागेल, या विचाराने हिंमतराव वाटभर कुढत आले. पण घर बंद होतं. अहल्याबाई मार्केटला गेल्या होत्या.

गच्चीवर जाऊन त्यांनी कडी बसवली, स्क्रू पिळला. नळी जागची हलेना. अजून चांगला उजेड होता.

नळी त्यांनी वर केली नाही. चार वर्षं ठेवत आले तशीच आडवी ठेवली, सुरसागर तलावापलीकडच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, आणि डोळा लावला. असल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्याची त्यांना सवय होती. कानावर आलं होतं तसंच, गॅलरीत रात्रीच्या विमानप्रवासाच्या तीन बॅगा बांधून तयार होत्या. निरुपमा दोरीवरचे कपडे काढत होती.

तिच्या शेजारी, कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवून, नातीला मांडीवर घेऊन अहल्याबाई बसल्या होत्या.