तातेरावाची अट

"तातेराव, तेवढी हलगी वाजवा. पाया पडतो तुमच्या."

मच्छिंद्र भर उन्हात तातेरावाच्या अंगणात उभा होता. डोक्याचा रुमाल हातात, नजर खाली. त्याला 'बसा' असं कुणी म्हटलं नव्हतं.

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तातेराव' निघालं. त्याचा बाप मरेपर्यंत ह्या माणसाला 'तात्या' म्हणायचा, आणि हाक आली की तात्यानं हलगी घेऊन पळत यायचं, दारात वाजवायचं, नाचायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी तातेरावानं ती हलगी चुलीत घातली. मच्छिंद्राच्या बापानं मग तातेरावाच्या वस्तीला कामं देणं बंद केलं, मळ्यातल्या विहिरीचं पाणीही बंद केलं. मच्छिंद्र तेव्हा पोरगेला होता. विहिरीवर काठी घेऊन तोच बसायचा. हे दोघांनाही बराबर आठवत होतं.

"हलगी न्हाई राह्यली," तातेराव म्हणाला. "आन् असती तरी कुणाच्या दारात वाजवली नसती."

पण मच्छिंद्रानं तरी जावं कुठं? बाळंतपणात त्याच्या बायकोची, साळूबाईची, डावी बाजू गेली. लेकरू वाचलं, हिचा हात लुळा, पाय लाकूड. दवाखाना झाला, कबुतराचं रक्त चोळून झालं, अंगारे-धुपारे झाले. उभी केली की कोलमडायची. डॉक्टर म्हणाला होता, रोज चालवा, न्हाईतर पाय कायमचा जाईल. आता तोलच न्हाई त्या बाईनं चालायचं कसं?

मग एक दिवस रस्त्यानं परगावचं वऱ्हाड गेलं. पुढं हलगी कडकडत होती. ओसरीवर खांब धरून उभ्या असलेल्या साळूबाईचा मेलेला पाय ठेक्यासरशी उचलला. टेकला. परत उचलला. खांब सोडून ती नाचत नाचत अंगणात उतरली, आणि मच्छिंद्राच्या डोळ्यांना धार लागली.

पण गाव ते गावच! दुसऱ्या दिवशी अंगणात ही गर्दी. कुणी म्हणालं अंगात आलंय, कुणी डबा बडवला, कुणी शिट्टी घातली. सगळ्यांदेखत साळूबाई आडवी झाली, लुगडं गुडघ्यावर सरकलं, आणि लोक खो खो हसले. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. लेकराला पाजायलाही वळेना. "मला विहिरीत ढकला," एवढंच बोलायची. मच्छिंद्रानं खोलीचं दार लावून स्वतः टाळ्या वाजवून पाहिल्या. पण त्याच्या टाळ्या म्हणजे रानातली पाखरं हाकल्यागत. त्यावर कुणाचा पाय पडायचा?

"मरंल हो ती!" तो म्हणाला, आणि तिथंच हमसून रडायला लागला.

तातेरावाची बायको, गिरिजाबाई, दारात येऊन उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती आणि साळूबाई शेजारी शेजारी बसायच्या. तिनं नवऱ्याकडं नुसतं पाहिलं.

"ठेका धरतो," तातेराव म्हणाला. "पण तुमच्या दारात न्हाई. तिला हितं आणा. रोज."

मच्छिंद्राचं तोंड कडू झालं. असं आहे होय! बापानं ह्यांना दारात नाचवलं, आता घरची सून ह्यांच्या दारात नाचणार आणि सगळी वस्ती मजा बघणार. शिवी ओठांपर्यंत आली. त्यानं ती गिळली.

"आणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या वाटेनं त्यानं बैलगाडी काढली. आत चादरीत गुंडाळलेली साळूबाई. "कुठं नेऊन राह्यले मला?" तिनं विचारलं. त्याची सांगायची हिंमत झाली नाही. वाटभर तो मनात तातेरावाचा उद्धार करत होता.

वस्तीत शिरला तर चिटपाखरू नाही. शेजारपाजारची दारं लावलेली. सारवलेल्या अंगणात गिरिजाबाई पदर खोचून एकटीच उभी. आणि तातेराव त्यांच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला होता. पुढ्यात खडीच्या कामावरचं जुनं घमेलं उपडं घातलेलं.

"खांद्याला धर, साळू," गिरिजाबाई म्हणाली. "पडलीस तर मी बी पडंन. बघायला हाये कोण?"

घमेलं वाजू लागलं. साळूबाई थरथरत उभी राहिली आणि पडली. खरंच दोघी पडल्या. कुणी हसलं नाही. गिरिजाबाईनं तिला उठवलं, कमरेला धरलं, स्वतः पावली घालायला लागली. पुन्हा पडल्या, पुन्हा उठल्या. मग तो लाकूड झालेला पाय ठेक्यावर उचलला. टेकला. उचलला. साळूबाईच्या डोक्यावरची चादर गळून पडली, आणि तिला ती सावरायची आठवणही राहिली नाही.

मच्छिंद्राला राहवलं नाही. "तातेराव, वस्तीतली माणसं कुठं गेली?"

"सांगितलंय त्यांला, दुपारचं इकडं फिरकू नका म्हणून."

"आन् मला वाटलं, तुम्ही उट्टं काढून राह्यले. मंग हितंच कामून आणायला लावलं तिला?"

तातेरावानं मान वळवली नाही, की ठेका चुकू दिला नाही.

"तुमच्या दारात सारं गाव बघायला जमतं, मच्छिंद्रराव. आमच्या दारात तुमचं कोण येतंय?"