हे लिहिलं कोणी?

"खरं सांगा, हा निबंध कोणाकडून लिहून घेतलात?"

विभागप्रमुखांनी निबंध जोडलेला अर्ज टेबलावर टाकला आणि खुर्चीत मागे रेलले.

"मीच लिहिलाय," टायपिंगवाल्या बाई म्हणाल्या.

"शिक्षण दहावी. आणि त्यानंतर एकदम व्यवस्थापनाचा पदव्युत्तर वर्ग?"

"जाहिरातीत होतं ना, पदवी नसली तर अनुभव चालेल. वीस वर्षं दुकान चालवतेय. एकटीने सुरू केलं, आता हाताखाली सात जणी आहेत."

"टायपिंगचं दुकान!" विभागप्रमुख शेजारच्या संचालकबाईंकडे बघून हसले. "दुसऱ्याचं बघून बडवायचं. त्याने अशी भाषा येते होय?"

बाईंनी ओठ मिटून घेतले. निघताना थोरल्या बहिणीने बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोल, तुझ्या जिभेला हाड नाही. पन्नाशीला टेकल्यावर हे खूळ कशाला, असंही ती म्हणाली होती. पण जन्मभर दुसऱ्यांची कामं केल्यावर एकदा कुठल्यातरी पटावर आपलं नाव लागावं, एवढीच बाईंची हौस होती.

"अशानं निकाल लागायचा नाही," संचालकबाई म्हणाल्या. "त्यांना इथेच एक पान लिहू द्या. विषय तुम्ही द्या."

विभागप्रमुखांना हेच हवं होतं. "घरच्यांनी उभा केलेला धंदा परक्या व्यवस्थापकाच्या हाती का टिकत नाही? लिहा. याच विषयात माझी डॉक्टरेट आहे, तेव्हा थापा चालायच्या नाहीत."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पेन उचललं ते पान भरल्यावरच खाली ठेवलं. मधे एकही खाडाखोड नव्हती.

विभागप्रमुख वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते तडक उठले, कपाटातून एक जाडजूड प्रबंध काढला, पानं उलटली आणि प्रबंध व बाईंचं पान संचालकबाईंपुढे आपटलं.

"बघा! वाक्यंच्या वाक्यं उचललीत. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे हे! मला पहिल्यापासून संशय होता."

संचालकबाई ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही हा प्रबंध कुठे वाचलात?"

बाईंनी मान पुढे करून बघितलं. काळं कापडी वेष्टन, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय आणि खाली विभागप्रमुखांचं नाव. बाईंचा चेहरा एकदम फुलला.

"अगंबाई, हा सरांचा होता होय? या तिसऱ्या प्रकरणाने तर मला महिनाभर रडवलं होतं. लिहून झाल्यावर मी विचारलं, नाव कोणाचं घालू? तर न्यायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, तेवढी जागा कोरी ठेवा."