बंबाचं दार

"बंबापाशी बसून अंडी उबवताय की काय?" असं चाळीस वर्षं रोज सकाळी नवऱ्याला, अप्पांना, टोकणाऱ्या अनसूयाबाई आज स्वतःच बंबापुढे फतकल मारून बसल्या होत्या. पौषात अप्पांचा उजवा हात लुळा पडला आणि तेव्हापासून आंघोळीचं पाणी एक तर चटका देणारं, नाही तर कोमट.

म्हणून तांबटाला बोलावलं होतं. त्याने बंबाच्या पोटाला धातूची गुंडाळी बसवली आणि तिची साखळी जाळाखालच्या दाराला अडकवली. "पाणी तापलं की गुंडाळी सैल पडते, दार मिटतं. वारा कमी, जाळ कमी. पाणी निवायला लागलं की दार आपोआप उघडतं. बघायलासुद्धा नको!"

थोड्या वेळाने दार खरंच 'टक्' करून मिटलं. जाळ मंदावला. अनसूयाबाई हरखल्या.

"इतकी वर्षं हे कोण करायचं?" हत्यारं आवरत तांबटाने सहज विचारलं.

अनसूयाबाईंची नजर पडवीकडे गेली. चाळीस वर्षांत पाणी गार म्हणून घरात एकदाही कुणी ओरडलं नव्हतं.

त्या उठल्या. पडवीतून अप्पांना हाताला धरून आणलं, बंबापाशी स्टूल ठेवून बसवलं. "अहो, हे यंत्र नवीन आहे. त्याला काय कळतंय? तुम्ही आपलं लक्ष ठेवा."

तांबट काही बोलणार होता. अनसूयाबाईंनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

अप्पांनी बंबाकडे कान दिला. "आता उघडेल," ते म्हणाले.

दार उघडलं.