गदराआधीची बाटली

बाटली पाहायची तेवढी पाहा, पण उघडायची नाही, असं मनकर्णाबाईनं माजघरातूनच सांगितलं. आवाज चढवला नाही. हे ती इतक्यांदा म्हणाली होती, की त्यात जोर लावायचं त्राणही आता उरलं नव्हतं.

ओसरीवर थोरल्या लेकीचे सासरे उदारामजी बसले होते. गोंदियात त्यांची भाताची गिरणी. लढाई संपल्यापासून त्यांना नवा नाद लागला होता. रेल्वेचे साहेब बंगले मोकळे करून विलायतेला निघाले होते आणि त्यांच्या मागे राहिलेल्या दारूच्या बाटल्या उदारामजी गोळा करत होते. माशाच्या आकाराची एक, तांब्याच्या तारेनं विणलेली एक. पण कोहमाऱ्याच्या वाटेवरच्या या गावात, त्यांच्या इवायाकडे, उमराव मालगुजारांकडे जी होती, तिची जोड त्यांच्याकडे नव्हती. सत्तावनच्या गदराच्या आधीची पोर्ट, विलायती लाल दारू. तोंडानं फुंकलेली जाड काळी काच, एका अंगाला जरा कललेली, बुचावर लाखेचा थर.

उमरावांचा नाद जुना. तरुणपणी ते साहेबांना शिकारीला घेऊन जात आणि बदल्यात बाटल्या आणत. तेव्हा त्या नुसत्या पाहायला नसत. पोटात गेली की उमरावांचा हात सुटे. मनकर्णाबाईचं डावं मनगट तेव्हापासून पुरतं वळत नव्हतं. पायरीवरून ढकलल्यावर सातव्या महिन्यात गेलेलं एक मूल तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या मातीत, पुरलेलं होतं.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी दारू एकाएकी सोडली. का, ते कुणाला कळलं नाही. पाळीवरच्या देवीनं बुद्धी दिली, असं गाव म्हणे. मनकर्णाबाईनंही तेच मानलं. उमरावांनी एकेक बाटली मोरीत रिकामी केली आणि रिकाम्याच कपाटात मांडल्या. भरलेली राहिली ती एक पोर्ट. कपाटाची किल्ली त्यांनी करदोट्याला बांधली, ती पुन्हा खुंटीवर आली नाही.

त्यानंतर त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही. फुटलेला तलाव बांधून काढला. तिला ताप आला, तर उशाशी बसून राहिले. तिचा राग काही एका दिवसात गेला नाही. धुण्याच्या दगडासारखा तो झिजत गेला आणि कधी संपला, ते तिलाही कळलं नाही.

मागे राहिली ती बाटली. लेकाच्या लग्नात सोयऱ्यांनी ती मागितली, तेव्हा मनकर्णाबाईनं एकादशी पुढं केली. तहसीलदार आला, तेव्हा सुतक काढलं. दर वेळी उमराव मान डोलवून म्हणत, घरधनीण नाही म्हणते, पुढच्या साली पाहू. बायकोच्या मुठीतला मालगुजार म्हणून लोक हसत. पाहुणे येणार असले, की ती माहेरी राहायला जात नसे. आलेला माणूस कपाटापाशी उभा राहिला, की तिच्या हातातलं काम थांबे. गाडून टाका ती एकदाची, असं तिनं किती वेळा विनवलं होतं.

उमराव म्हणत, "राहू दे. दिसत राहिली पायजे."

आज उदारामजी हटूनच बसले होते. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, लाखेवरून बोट फिरवलं. आपण दोघंही पिकली पानं, पुढच्या साली कोण राहतो कोण नाही, असं काहीबाही बोलत राहिले. उमरावांनी नेहमीचं उत्तर दिलं आणि बाटली परत मागितली. उदारामजी हसले. त्यांनी खिशातून बूच काढायचा पेच काढला.

"इवाईबुवा, एक एक घोट. इहीनबाईले काय समजते त्यातलं?"

लाख तडकल्याचा आवाज माजघरात आला. मनकर्णाबाई बाहेर आली तेव्हा बूच निम्मं वर आलं होतं. उमराव खांबाला धरून उठत होते. तिनं इवायाच्या हातातून बाटली घेतली आणि अंगणात दगडावर टाकली.

उदारामजींनी टोपी घातली. इतका अपमान गोंदियात कुणी केला नसता, एवढं म्हणून ते दमणीत जाऊन बसले. बैल वळले आणि धूळ खाली बसली.

मनकर्णाबाई उभीच राहिली. लेकीच्या सासऱ्याला तिनं उंबऱ्यावरून घालवलं होतं. नवऱ्याची सगळ्यात मोलाची वस्तू दगडावर पडली होती. जुन्या सवयीनं तिनं मनगट पोटाशी घेतलं आणि वाट पाहिली.

उमराव काठी टेकत अंगणात उतरले. आधी त्यांनी कुत्रं खांबाला बांधलं. कोंबड्या हाकलल्या. चुलीतली राख मागून घेतली आणि त्या लाल ओलीवर जाड थर पसरला. मग काचा वेचायला बसले. तिनं हात पुढं केला, तेव्हा त्यांनी तो मागं सारला. हाताले काच लागंल, म्हणाले.

"मी कोनाले पिऊ देली नसती," ती म्हणाली. "काऊन, ते इचारू नका."

"इचारून नाही राहिलो." ते खालीच पाहत होते. "तू त्यात कुचल्याचं जहर कालवून बुचावर परत लाख लावून राहिली होतीस, तवा मी दारातच उभा होतो, मनकर्णा. म्हणून तं सोडली."